ड्राय की ग्रेव्ही?

अकरा माणसांनी मिळून बाहेर जेवायला जायचं ठरवलं की त्यातल्या नऊ जणांना ‘काहीही चालतं’. उरलेल्या दोघांपैकी एकाचा उपास असतो आणि दुसरा ग्रुपवर नुसता अंगठा टाकून गायब होतो. या ‘काहीही चालेल’वाल्यांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. त्यांना पंजाबी चालत नाही, कारण रात्री जड होतं. थाळी चालत नाही, कारण घरी तेच असतं. डोसा चालत नाही, कारण ‘ते काय जेवण आहे?’ आणि पिझ्झा म्हटलं की यांना एकदम आपलं कोलेस्टेरॉल आठवतं. असं एकेक नाव खोडत गेलं की तळाला जे उरतं त्याला पूर्वी चायनीज म्हणायचे. हल्ली पॅन-एशियन म्हणतात. त्या ‘पॅन’चे पैसे वेगळे.

आमच्या चुलत-मावस भावंडांच्या ग्रुपवर दादानं रीतसर मतदान ठेवलं आणि त्यात ‘एशियन’ निवडून आलं. आत्यानं लगेच खाली लिहिलं, ‘मग आपण कुठल्या खंडात राहतो?’ प्रश्न बिनतोड होता, त्यामुळे कुणीच उत्तर दिलं नाही. दोघांनी हसणारे चेहरे टाकले आणि चर्चा पार्किंगकडे वळली.

चायनीज हॉटेल म्हणजे काळोख, ही आमच्या पिढीची समजूत. बाहेर लख्ख ऊन असलं तरी आत शिरलं की रात्र. लाल कंदील, भिंतीवर सोनेरी ड्रॅगन, कोपऱ्यातल्या काचेच्या टाकीत एक उदास मासा. मेनूकार्ड उघडायची पद्धत नव्हती, कारण काय मागवायचं ते घरूनच ठरवून निघालेलं असायचं. स्वीट कॉर्न सूप वन बाय टू, फ्राइड राइस, हक्का नूडल्स, मंचुरियन. ज्यांच्याकडे प्रमोशन झालेलं असायचं ते अमेरिकन चॉप्सी मागवायचे. तळलेल्या नूडल्सचा ढीग, त्यावर गोड लाल सॉस, वर अंडं. चिनी हॉटेलात अमेरिकेच्या नावाचा पदार्थ कशाला, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. व्हिनेगरमधल्या मिरच्यांची वाटी मात्र सूप यायच्या आत रिकामी व्हायची. ती फुकट होती.

खरं तर हे खाणं चीनचं कधी नव्हतंच. ते कोलकात्याचं आणि मुंबईचं. वॉरन हेस्टिंग्जच्या काळात टाँग अच्यू नावाचा एक चिनी माणूस कोलकात्याजवळ साखरेचा कारखाना काढून राहिला. अच्छीपूर हे गाव आजही त्याच्याच नावानं ओळखलं जातं. पुढे हक्का लोक आले, टांगरा भागात त्यांनी कातडी कमावण्याचे कारखाने काढले आणि त्याच गल्ल्यांतून हॉटेलं उभी राहिली. आपण ज्या नूडल्सना हक्का म्हणतो त्या हक्का लोकांनी ओळखल्या तर त्यांचा मोठेपणा. मुंबईत १९७३ साली ताजमहाल हॉटेलात ‘गोल्डन ड्रॅगन’ सुरू झालं आणि सिचुआन प्रांताचा झणझणीतपणा श्रीमंतांपर्यंत पोचला. बाकीच्यांसाठी तो पुढे ‘शेजवान’ होऊन हातगाडीवर आला आणि तिथून वडापावच्या पोटात शिरला.

आणि मग १९७५. जागा, चर्चगेटचा क्रिकेट क्लब ऑफ इंडिया. नेल्सन वाँग नावाचा, कोलकात्यात जन्मलेला आचारी. सांगतात ते असं, की एक गिऱ्हाईक म्हणालं, नेहमीचं नको, काहीतरी नवीन कर. (‘काहीही चालेल’ म्हणणाऱ्यांच्या हातून जगाचं भलं झाल्याचा माझ्या माहितीतला हा एकमेव दाखला.) वाँगनं आलं, लसूण आणि हिरवी मिरची बारीक चिरून परतली, म्हणजे कुठल्याही मराठी घरात सकाळी साडेआठला जे चाललेलं असतं तेच केलं, फक्त जिथे गरम मसाला घालायचा तिथे सोया सॉस ओतला आणि कॉर्नफ्लोअर लावून रस दाट केला. त्याचं नाव चिकन मंचुरियन. १९८३ साली वाँगनं मुंबईत स्वतःचं ‘चायना गार्डन’ काढलं. मंचुरियन मात्र त्याच्या हातात राहिलं नाही. कोंबडी जाऊन कोबी आला, आणि कोबीचे ते गोळे आता मुंजीच्या जेवणातही बासुंदीच्या शेजारी बसतात. मंचुरिया हा चीनच्या ईशान्येचा हाडं गोठवणारा थंड मुलूख. तिथल्या माणसाच्या पुढे हे गोळे ठेवले तर तो ओळखणार नाही. खाल्ले तर बहुधा इथेच राहील.

आम्ही गेलो ते हॉटेल उजेडाचं होतं. ड्रॅगनची सद्दी संपली आहे. त्याच्या जागी आता सगळीकडे बुद्ध असतो. दारातच मूर्ती, तिच्यापुढे तांब्याच्या घंगाळात पाणी आणि पाण्यावर शेवंतीची फुलं. अगदी असंच घंगाळ आमच्या आजीच्या न्हाणीघरात होतं, ते मोडीत घालून आम्ही स्टीलची बादली आणली. भिंतींना गिलावा नव्हता, छतावरचे पाइप उघडे होते. आत्या आजूबाजूला बघत म्हणाली, “काम चालू आहे वाटतं अजून.” सगळी मंडळी आल्याशिवाय टेबल मिळणार नव्हतं, त्यामुळे दादा दारात उभा राहून फोन करत होता आणि घरात चाव्या शोधणारी माणसं त्याला ‘पोचलोच’ म्हणून सांगत होती.

टेबलाशी आलेला वेटर दार्जिलिंगकडचा होता. अशा हॉटेलांचे मालक ईशान्येकडची आणि डोंगराकडची मुलं मुद्दाम ठेवतात, हे आता सगळ्यांना माहीत आहे. चेहऱ्यामुळे जेवण खरं वाटतं, असा त्यामागचा हिशेब. हिशेब चोख असेल, पण मला तो बरा वाटत नाही. कारण त्याचा भुर्दंड त्या पोराला पडतो. पलीकडच्या टेबलावरच्या एका गृहस्थांनी त्याला कमरेत वाकून ‘निहाव’ केलं. तो शांतपणे म्हणाला, “सर, पाणी साधं देऊ की बाटलीचं?” आमच्याकडे वळला तेव्हा त्याचं मराठी आमच्या भाच्यापेक्षा स्वच्छ निघालं. “आजी, तिखट कमी करायला सांगू ना?” आत्यानं त्याच क्षणी त्याला नातेवाइकांत जमा केलं आणि पुढचे दोन तास आमच्यापेक्षा त्याचंच जास्त ऐकलं.

मग मेनू. मेनू म्हणजे पुस्तक. जपान, कोरिया, थायलंड, व्हिएतनाम, चीन, आणि शेवटच्या पानावर, कुणी घाबरलंच तर असावं म्हणून, चीज गार्लिक नान. अशा वेळी प्रत्येक ग्रुपात एक जाणकार उगवतो. आमच्याकडे भाचा. तो कोरियन मालिका बघतो, तेव्हा रामेन हा आपला घरचा विषय आहे असं त्याला वाटतं. त्यानं प्रत्येक पदार्थाची ओळख करून द्यायला सुरुवात केली. एदामामे म्हणजे सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा, मीठ लावून उकडलेल्या. दाणे खायचे, साल टाकायचं. “शेंगाच ना?” वहिनीनं किंमत बघत विचारलं. “आणि सोलायच्याही आपणच?”

इथपर्यंत ठीक होतं. पण जाणकाराला थांबायचं कुठे हे कळत नाही. वहिनी पक्की शाकाहारी. तिनं थाई करी बरी दिसते म्हणताच हा उद्गारला, “मामी, मूळ थाई करीच्या वाटणात कोळंबीची पेस्ट असते. किमचीत पण बऱ्याचदा माशाचा सॉस असतो. आणि मिसो सूपचं पाणी सुकवलेल्या माशाचं.” सगळं खरं होतं. टेबलावर शांतता पसरली. वेटरनं घाईघाईनं सांगितलं, मॅडम, इथे शाकाहारी वाटण वेगळं करतात, मी स्वतः बघतो. पण मासा एकदा मनात शिरला की निघत नाही. वहिनीनं मेनू मिटला. “माझं मंचुरियन सांगा.” माझी बहीण भाच्याला म्हणाली, “तुला कुणी विचारलं होतं?” त्यावर तो म्हणाला, “माहिती असायला नको?” कुठलंही घर या दोन वाक्यांवर एक रात्र काढू शकतं.

ग्रुपात नवीन पदार्थ मागवणं म्हणजे जामीन राहणं आहे. पदार्थ चांगला निघाला तर ‘आपण मागवला’. बिघडला तर ‘हे कुणी सांगितलं होतं?’ हा प्रश्न टेबलावरून निघतो आणि पुढच्या लग्नकार्यापर्यंत पोचतो. आमच्या एका मावसभावानं कधीकाळी, कच्च्या पपईचं थाई सॅलड आंबटगोड असतं म्हणून सगळ्यांसाठी मागवलं होतं. आज त्याची पोरं कॉलेजात आहेत, पण कुठेही पपई दिसली की सगळे त्याच्याकडे बघतात. त्यामुळे अनुभवी माणसं मेनू नीट वाचतात, चष्मा वर-खाली करतात, शेजारच्या टेबलावर काय आलंय ते मान वळवून बघून घेतात, आणि दुसऱ्यानं आधी बोलावं याची वाट पाहतात. पाच देशांचं पुस्तक अर्धा तास अकरा जणांच्या हातून फिरलं. शेवटी दादानं ऑर्डर दिली. मांचाव सूप, फ्राइड राइस, हक्का नूडल्स, मंचुरियन.

“ड्राय की ग्रेव्ही?” वेटरनं विचारलं.

या प्रश्नावर आमच्या घराण्यात सरळ दोन तट आहेत आणि ते लग्नं होऊनही मिटलेले नाहीत. ड्रायवाल्यांच्या मते ग्रेव्ही म्हणजे गोळ्यांचा अपमान. कुरकुरीत तळायचं आणि मग भिजवून मारायचं, हे कसलं शास्त्र? ग्रेव्हीवाले म्हणतात, मग भात कशाशी खायचा, तुमच्या तत्त्वांशी? भावोजी ड्रायचे, बहीण ग्रेव्हीची. त्यांच्या संसारात बाकी सगळ्या बाबतींत तडजोड झाली आहे. दादानं दर वेळचा निवाडा दिला, एक ड्राय, एक ग्रेव्ही, आणि दोन्ही पक्षांनी दर वेळेप्रमाणे दोन्हींतलं खाल्लं. भाच्याचा चेहरा पडलेला बघून त्याच्यासाठी एक प्लेट सुशी, एक प्लेट डिमसम. “चव बघायला,” दादा म्हणाला. म्हणजे अकरा जणांनी.

जपानी लोकांनी हा ऑर्डरचा घोळ कधीच मिटवून टाकला आहे. योशिआकी शिराइशी नावाच्या सुशीवाल्यानं बिअरच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावरून जाणाऱ्या बाटल्या पाहिल्या, आणि १९५८ साली ओसाकाजवळ आपल्या दुकानात तसाच पट्टा बसवून त्यावर सुशीच्या बश्या सोडल्या. गिऱ्हाइकानं बसल्या जागी बशी उचलायची. शेवटी रिकाम्या बश्या मोजून बिल. कुणी विचारायचं नाही, कुणी सुचवायचं नाही, कुणी जामीन नाही. कल्पना उत्तम आहे. पण आमच्या घरच्यांना अशा पट्ट्याशी ओळीनं बसवलं तर पहिल्या दोन मावसभावांच्या पुढे तो रिकामाच जाईल, आणि त्यांच्या रिकाम्या बश्या हळूच शेजाऱ्याच्या ढिगावर सरकतील.

सूप आलं. अकरा जणांत सहा सूप, वन बाय टू. मांचाव सूपवरच्या तळलेल्या नूडल्स वेगळ्या वाटीत येतात आणि त्या ‘जरा अजून द्या’ म्हणून मागवायच्या असतात, हा संस्कार आमच्याकडे मुंजीच्या आधी होतो. भावोजींनी चमचा उचलण्यापूर्वी नेहमीचा प्रश्न टाकला. “अजिनोमोटो नाही ना यात?” भावोजींना ते खाऊन डोकं दुखतं. १९०८ साली टोकियोत किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञानं कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाच्या रश्शातून ही चव वेगळी काढली, पुढच्या वर्षी ती बाजारात आली. आणि १९६८ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका डॉक्टरचं पत्र छापून आल्यापासून ती बदनाम झाली. चिनी हॉटेलात जेवलो की मानेशी बधिर वाटतं, कशामुळे असेल, एवढंच त्यानं विचारलं होतं. नंतरच्या चाचण्यांत आरोप नीट सिद्ध झाला नाही, तरी डाग गेला नाही तो नाहीच. अजिनोमोटोतलं हेच ग्लुटामेट पिकलेल्या टोमॅटोत असतं, मुरलेल्या चीजमध्ये असतं. भावोजी टोमॅटोचं सार वाटीला वाटी लावून पितात. तेव्हा डोकं बहिणीचं दुखतं.

टेबल गोल होतं आणि त्याच्या मध्यावर काचेची फिरती चकती. ही चकती बघितली की आमच्याकडचं प्रत्येक मूल आणि प्रत्येक पुरुष आधी तिला हात लावून बघतो. तिची एक गंमत मला फार आवडते. खऱ्याखुऱ्या मंचुरियात १९१०–११च्या हिवाळ्यात फुप्फुसाच्या प्लेगची भयंकर साथ आली होती. ती आटोक्यात आणायला गेलेला तरुण डॉक्टर म्हणजे पिनांगचा वू लिएन-तेह. श्वासातून रोग पसरतोय हे ओळखून त्यानं लोकांच्या तोंडाला गॉझच्या पट्ट्या बांधायला लावल्या. आपण करोनात जे केलं ते त्यानं शंभर वर्षं आधी करून दाखवलं होतं. हाच डॉक्टर पुढे जेवणाच्या टेबलाकडे वळला. सगळ्यांनी आपापल्या काड्या एकाच भांड्यात घालू नयेत, मध्ये फिरतं तबक ठेवावं, प्रत्येक पदार्थाला वाढायचा चमचा वेगळा असावा, असं तो सांगत असे. म्हणजे अस्सल मंचुरियन असं त्या टेबलावर काही असेलच तर ती चकती. बाकी सगळं चर्चगेटचं.

चकतीचे रिवाज साधे आहेत. आधी वडीलधाऱ्यांपुढे न्यायची, हळू फिरवायची, आणि कुणी वाढून घेत असेल तर हात लावायचा नाही. आमच्याकडे मान आत्याचा, यावर एकमत होतं. पण आत्याच्या पुढ्यात नूडल्स आल्या त्याच क्षणी पलीकडून दादाला भात दिसला. आत्यानं नूडल्स चमच्यानं उचलल्या, ताटलीकडे निघाल्या, आणि चकती चालू लागली. नूडल्सचं एक टोक आत्याच्या ताटलीत, दुसरं भांड्यात, आणि भांडं वहिनीच्या दिशेनं प्रवासाला. त्या ताणल्या, आणखी ताणल्या, मधल्या पाण्याच्या ग्लासला वळसा घालून भावोजींच्या बाहीवरून गेल्या. “थांबव! थांबव!” तिघं ओरडले. दादानं थांबवायला उलटा जोर लावला, भाच्यानं मदत म्हणून सुलटा. सोया सॉसची बाटली एवढा वेळ तोल सांभाळून होती. ती आडवी झाली. आत्यानं चमचा सोडला नव्हता. “येऊ दे रे परत,” ती शांतपणे म्हणाली, “गोलच आहे, जाणार कुठं?”

सुशीच्या प्लेटमध्ये आठ तुकडे. तोंडं अकरा. दोघांनी माघार घेतली, एकानं ‘मी कच्चं खात नाही’ म्हणून सांगितलं. आत काकडी होती. आत्यानं एक तुकडा उचलून उलटसुलट बघितला. “भात गार झालाय.”

“तो असाच असतो आजी.”

“आणि हे हिरवं?”

वासाबी, भाचा म्हणाला, आणि खूप जपून, अगदी टोकाएवढंच घ्यायचं असतं, जपानमध्ये थंड वाहत्या पाण्यात ते उगवतं, वगैरे सुरू झालं. आत्यानं चमच्याच्या टोकावर घेतलं, जिभेला लावलं, डोळे मिटले. आम्ही पाण्याचे ग्लास पुढे केले. तिनं डोळे उघडले. “फेसलेली मोहरी आहे ही.” भाचा हसला. पण आत्या बरोबर होती. वासाबी आणि मोहरी एकाच कुळातल्या वनस्पती, नाकात झिणझिण्या आणणारं द्रव्यही दोन्हींत तेच. आणि हॉटेलात मिळते ती वासाबी बहुतेक वेळा त्याच कुळातल्या हॉर्सरॅडिशला हिरवा रंग देऊन केलेली असते. जन्मभर लोणच्याला आणि कैरीच्या रायत्याला मोहरी फेसलेल्या बाईला पुस्तक लागत नाही. “आमच्या आईची याहून चढायची,” एवढं म्हणून तिनं उरलेली सगळी आपल्या फ्राइड राइसमध्ये कालवली.

काड्यांनी जेवायचा हट्ट फक्त पहिली दहा मिनिटं टिकतो. तेवढ्यात फोटो निघतात, मग काटे-चमचे येतात, आणि आत्यासारखी माणसं बोटं वापरतात, ज्यांना धरायला शिकवावं लागत नाही. भावोजींनी काड्यांचा नाद सोडला आणि त्या भाताच्या ढिगात उभ्या रोवून ठेवल्या. भाचा दचकून ओरडला, “काका, काढा त्या! जपानमध्ये, चीनमध्ये असं फक्त मेलेल्या माणसासाठी करतात!” हेही खरंच. मृताच्या पुढे ठेवलेल्या भातात तशा काड्या उभ्या करतात, म्हणून जिवंत माणसाच्या ताटात ते फार अशुभ. भावोजी गोरेमोरे झाले. बहिणीनं झडप घालून काड्या उपटल्या. आत्या ताटातून मान वर न करता म्हणाली, “एवढं केलंयत तर कावळाही बोलवा. काय राहिलंय मनात ते तरी कळू दे.”

“ग्रेव्ही,” बहीण म्हणाली.

डिमसमची टोपली आली, सहा नगांची. कॅन्टनकडची मंडळी हे सकाळी चहाबरोबर खातात. कुणी चहा ओतला की दोन बोटं टेबलावर हलकेच आपटून आभार मानायचे, बोलणं मध्येच तोडायचं नाही. आमच्या टेबलावर बोलणं तोडायची भीती नव्हती, कारण ते कुणी पुरं करतच नव्हतं. पाच नग गेले आणि सहावा उरला. इथून पुढे मराठी माणसाची परीक्षा असते. तो नग कुणालाच नको असतो आणि सगळ्यांचं लक्ष त्याच्यावरच असतं. “घे ना.” “मला नको, तू घे.” “अगं, मी दोन घेतले.” (खोटं. एकच घेतला होता.) चकती तीनदा फिरली. तो नग प्रत्येकापुढे येऊन, प्रत्येकाचा निरोप घेऊन पुढे गेला. शेवटी वेटर टोपली उचलायला वाकला आणि तीन चमचे एकदम आले.

गोडाचं काय सांगायचं. हनी नूडल्स विथ आइस्क्रीम. त्यावर वाद नसतो.

बिलाच्या बाबतीत चिनी लोक आपल्या जुन्या पिढीच्या जवळचे. तिथे बिलासाठी झटापट करणं हा शिष्टाचार आहे. हात धुवायला जातो म्हणून कुणी उठतं आणि काउंटरवर गुपचूप पैसे भरून येतं, मग बाकीच्यांनी रागावायचं. आमच्या वडिलांच्या पिढीत हे तंतोतंत होतं. ‘माझी शपथ आहे’पासून सुरुवात, शर्टाच्या खिशात एकमेकांच्या नोटा कोंबणं, आणि एकदा तर खिसा फाटणं. आता दादाच्या मोबाइलमध्ये ॲप आहे. ॲप रक्कम अकरांनी भागून मोकळं होतं. माणसं होत नाहीत. वहिनीनं सुशीला हात लावला नव्हता. दोन मॉकटेल पोरांची. सुशीचे आठ तुकडे सात जणांत कसे मोडायचे, यावर दादा चष्मा कपाळावर सरकवून बसला. “हो, कारण एक जमिनीवर पडला होता,” भाच्यानं खुलासा केला.

तेवढ्यात भावोजींनी बिल हातात घेतलं आणि त्यांची मुद्रा उजळली. खाली सर्व्हिस चार्ज होता. भावोजी ज्या क्षणाची संध्याकाळभर वाट पाहत होते तो हा. त्यांनी मॅनेजरला बोलावलं, मोबाइल काढला आणि वाचून दाखवायला लागले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, जुलै २०२२ची मार्गदर्शक तत्त्वं, सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावता येत नाही. मार्च २०२५, दिल्ली उच्च न्यायालय, तत्त्वं कायम. आवाज खणखणीत, शेजारच्या टेबलांनाही लाभ. ‘निहाव’वाले गृहस्थ स्वतःचं बिल काढून बघू लागले. मॅनेजरनं वाद घातला नाही. दोन मिनिटांत नवीन बिल आलं, फक्त जीएसटीचे पाच टक्के लावून. भावोजींनी विजयी मुद्रेनं सगळ्यांकडे पाहिलं. मग आत्यानं त्यांच्याकडे पाहिलं. ती काही बोलली नाही, फक्त त्या दार्जिलिंगच्या पोराकडे एकदा आणि भावोजींच्या खिशाकडे एकदा बघितलं. भावोजींनी पाकीट काढलं. सर्व्हिस चार्ज होता त्याहून थोडे जास्तच त्यांनी त्या पोराच्या हातात ठेवले. “हे कायद्याबाहेर आहे,” ते बहिणीला म्हणाले, “हे मनानं.”

उरलेलं पार्सल करायचं की नाही, यावर आमच्याकडे मतभेद नाहीत. नूडल्स, थोडा भात आणि ग्रेव्हीतले दोन गोळे डब्यांत बांधून झाले, आणि मग ते कुणी न्यायचे यावर परत ‘तू ने, तू ने’ सुरू झालं. आत्यानं पिशवी उचलली आणि ती रिक्षाकडे चालायला लागली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी फोन केला, खाल्ल्या का नूडल्स म्हणून.

“सकाळी पाहिलं तर नुसत्या एकमेकींना चिकटून बसलेल्या,” आत्या म्हणाली. “मग मोहरी, हिंग, कढीपत्त्याची फोडणी दिली, कूट घातलं, वरून लिंबू पिळलं. तेव्हा कुठे चव आली. त्या पोराला सांगायला हवं.”